जर्मन तिखटाची बखर

मंडळी, निमित्त अगदी साधं घडलं. आमच्या भागातल्या एका बर्गरच्या साखळी-दुकानात मध्यंतरी एक नवा 'तिखट' बर्गर आला. दारावर भलंमोठं चित्र, त्यात ज्वाळा आणि तीन लालभडक मिरच्या. आमचे चिरंजीव (वय वर्षे अकरा, जन्म श्टुटगार्टचा) हट्टाला पेटले. सांगलीहून आलेली माझी आईही बरोबर होती. काउंटरवरच्या मुलीने बजावलं, "जपून हं, हा खरंच 'शार्फ' आहे!"

आई शाकाहारी. तिने बटाट्याची एक काडी त्या सॉसमध्ये बुडवली, चाखली आणि विचारलं, "हा मुरांबा आहे का रे?" आम्ही हसलो. पण शेजारी चिरंजीवांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कोकचा दुसरा ग्लास चालू होता. तेव्हा मात्र पोटात जरा कालवलं. सांगलीकर आजीचा नातू, आणि याला हे तिखट लागतं?

त्या रात्रीपासून मी एका प्रश्नाच्या मागे लागलो. हा जर्मन 'शार्फ' आला कुठून?

धागा गेला थेट बर्लिनला. साल १९४९. रशियनांनी केलेली शहराची नाकेबंदी मे महिन्यात उठली होती, पण निम्मं शहर अजून ढिगाऱ्यातच होतं. शार्लोटनबुर्ग हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात. तिथे कांटश्ट्रास आणि कायझर-फ्रीडरिश-श्ट्रास या रस्त्यांच्या कोपऱ्यावर हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंची खाण्याची टपरी होती. ४ सप्टेंबरला धो धो पाऊस, गिऱ्हाईक एकही नाही. बाईंनी वेळ जावा म्हणून टोमॅटो, करी पावडर आणि हाताशी होते ते मसाले एकत्र करून एक सॉस ढवळला आणि तळलेल्या सॉसेजच्या तुकड्यांवर ओतला. करी पावडर ब्रिटिश सोल्जरांकडून मिळाली, असं सांगतात. झाली करीवुर्स्ट तयार! पडकं शहर पुन्हा उभारणाऱ्या मजुरांना स्वस्तात पोट भरणारं, गरम आणि जिभेला जाग आणणारं काहीतरी हवं होतंच.

मला इथे आपला वडापाव आठवला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला सुरुवात केली, असं मानतात. तिथेही गिऱ्हाईक होतं ते घाईतलं, कष्टाचं आणि खिशात थोडेच पैसे असलेलं.

हेर्टाबाई व्यवहाराला पक्क्या होत्या. १९५९ साली त्यांनी आपल्या सॉसचं नाव 'चिलप' असं रीतसर नोंदवून घेतलं. चिलीमधला 'चिल' आणि केचपमधला 'अप'! कृती मात्र कोणालाच सांगितली नाही. १९९९ साली त्या गेल्या, कृतीही त्यांच्याबरोबर गेली. २००३ मध्ये त्यांच्या टपरीच्या जागी स्मृतिफलक लागला. आपल्याकडे एखाद्या भजीवाल्या मावशींचा असा फलक कुठे पाहिलाय का?

अर्थात, वादाशिवाय इतिहास कसला! हाम्बुर्गकर म्हणतात, करीवुर्स्ट आमची. उवे टिम या लेखकाने तर १९९३ मध्ये त्यावर एक कादंबरिकाच लिहिली. तिच्यात हाम्बुर्गच्या एका बाईच्या हातून जिन्यावर करी पावडर आणि केचप सांडतं आणि त्यातून हा पदार्थ जन्मतो. बर्लिनकरांना ते अर्थातच मान्य नाही. पूर्व बर्लिनमध्ये कोनोप्के कुटुंबाने १९६० साली रेल्वेच्या पुलाखालच्या टपरीत करीवुर्स्ट विकायला घेतली. पुढच्याच वर्षी भिंत उभी राहिली, पण करीवुर्स्ट दोन्ही बाजूंना चालूच राहिली.

आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत. फोक्सवागन कंपनी १९७३ पासून स्वतःच्या करीवुर्स्टचं उत्पादन करते, आणि तिला गाडीच्या सुट्या भागासारखा पार्ट नंबर आहे: १९९ ३९८ ५०० ए. २०२१ मध्ये एका कँटीनमधून ती काढली, तर माजी चॅन्सलर श्र्योडर यांनी जाहीर निषेध केला! २०२३ मध्ये ती परत आली.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे ती करी पावडर. आपल्या घरी 'करी' नावाचा पदार्थ होत नाही. होते ती आमटी, रस्सा, कालवण, पिठलं. करी पावडर ही इंग्रजांची सोय. हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांना चव आठवायची, पण वाटण करायला ना पाटा ना बाई. म्हणून सगळा मसाला एका डब्यात. लंडनमध्ये १७८४ सालीच तिची जाहिरात झाली होती. तोच डबा दीडशेहून अधिक वर्षांनी सोल्जरांबरोबर बर्लिनला पोहोचला.

इथवर मी खुशीत होतो. जर्मनांचं तिखट उसनं, आपलं अस्सल! पण मग भेटले लेओनहार्ट फुक्स. हे ट्युबिंगेन विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचे. (बागेतलं फुशिया त्यांच्याच नावाचं.) त्यांच्या १५४२ सालच्या वनस्पतिग्रंथात मिरचीच्या रोपांची सुरेख चित्रं आहेत आणि नाव दिलंय चक्क 'कालिकतची मिरी'! चूक समजण्यासारखी होती. खरी काळी मिरी कालिकतच्या किनाऱ्यावरूनच येत होती. १५०५ च्या पोर्तुगीज आरमारात आउग्सबुर्गच्या फुगर आणि वेल्झर या सावकारांचे पैसे गुंतले होते. तेव्हा जिभेला चटका देणारं जे जे, ते हिंदुस्थानचं, असा समज होणारच.

प्रत्यक्षात मिरची अमेरिकेची. कोलंबसाच्या जहाजांतून ती युरोपात आली आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आणली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ, आलं. ज्ञानेश्वरांच्या काळच्या आळंदीत मिरचीचा ठेचा नव्हता, या विचाराची सवय व्हायला मला दोन दिवस लागले. आणि नवं आलेलं ते तिखट पहिल्यांदा चाखून आपल्याही कोणा पूर्वजाच्या डोळ्यांत असंच पाणी आलं असणार!

आईला हे सारं सांगितलं. "मिरची बाहेरची? काहीतरीच तुझं," म्हणाली. प्रोफेसर फुक्स तिला लगेच पटले, त्यांनी निदान मिरची हिंदुस्थानची म्हटली होती.

शरद ऋतूच्या सुट्टीत आम्ही सगळे बर्लिनला गेलो आणि कांटश्ट्रासवरचा तो फलकही पाहिला. मग जवळच्या एका टपरीवर सोयाबीनची वुर्स्ट मागवली. चिरंजीवांनी "मिट शार्फ!" असं मोठ्या ऐटीत सांगितलं. हे 'मिट शार्फ' म्हणजे डोनर-कबाबच्या दुकानांतलं जर्मन. त्यात व्याकरण नाही, पण कळतं सगळ्यांना. आईने करी पावडर भुरभुरलेला एक तुकडा बोटाने उचलला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटून हुंगला.

"मेथी जास्त झालीय," ती म्हणाली. "हिंग नाहीच. पण हळद चांगली आहे रे. आपल्या सांगलीची असेल का?"

परतीच्या तिच्या बॅगेत नातवाने सुपरमार्केटमधली करी पावडरची एक डबी ठेवली. तिच्या बदल्यात आईची लसणाच्या चटणीची बरणी आमच्याकडे राहिली. रोज पोळीच्या कडेला तिळाएवढी, असा चिरंजीवांचा सराव सध्या चालू आहे. पाण्याचा ग्लास शेजारी असतोच.