उसातली छावणी

सातवीच्या वर्गात एक मुलगी दप्तराआड पुस्तक धरून वाचत बसली होती. मास्तरकीच्या धर्माला जागून मी ते काढून घेतले, आणि लेखकाच्या धर्माला जागून मधल्या सुट्टीत स्वतःच वाचत बसलो. रानमांजरांच्या एका कुळाची ती कल्पित कथा होती. त्या कुळाचे स्वतःचे रान, रानाला ठरलेल्या शिवा, शिवेवर वासाच्या खुणा आणि मधोमध झाडोऱ्यात दडलेली छावणी. तीत पिल्लांची जागा वेगळी, म्हाताऱ्यांची वेगळी. परका कोणी शीव ओलांडून आला की लढाई जुंपायची.

पुस्तक परत देताना मी म्हणालो, "गोष्ट झकास आहे गं. पण अशी छावणी खरोखर कुठे असते का?"

"असते की, गुरुजी," ती म्हणाली. "आमच्या उसात आहे."

सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मुलगी खरे बोलत होती. आणि तसली एक छावणी मोडण्याच्या कामी पंधराएक वर्षांपूर्वी माझाच हात लागला होता.

आमचे गाव संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी. मुलगी म्हणत होती ती छावणी बिबट्याची. आमच्याकडे त्याला सरसकट 'वाघ'च म्हणतात. खरा ढाण्या वाघ आमच्या डोंगरांतून केव्हाच गेला. राहिला तो हा ठिपक्यांचा भाऊबंद. गोष्टीतल्या मांजरांप्रमाणे तो टोळी करून राहत नाही. नर एकटा हिंडतो. कुटुंब म्हणावे ते एवढेच, की मादी आणि तिची दोन-तीन पिल्ले. तीही दीड-दोन वर्षांची झाली की आपापल्या वाटेने जातात. परंतु शिवेचा कायदा मात्र कथेतल्यासारखाच कडक. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला, झाडाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे आणि वासाची निशाणी. हा सातबारा कोणत्या तलाठ्याच्या दप्तरात नसतो, पण बिबट्या-बिबट्यांत तो पक्का असतो.

आता हा प्राणी उसात आला कसा? गावात विचाराल तर उत्तर एकच मिळते: "जंगलं तोडली, म्हणून वाघ खाली आला." मीही वर्गात कित्येक वर्षे हेच सांगत असे. पण जिल्ह्याचा इतिहास थोडा निराळे सांगतो.

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला पावसाचे आणि रानाचे डोंगर, खालच्या अंगाला बाजरी-ज्वारीची कोरडवाहू जमीन. बाजरीचे पीक तीन-चार महिन्यांचे. एरवी शिवार उघडे बोडके. तिथे एखादा ससा लपला तर लपला. मग 1910 साली भंडारदऱ्याला धरणाचे काम सुरू झाले आणि 1926 साली ते पुरे झाले. कालव्यांचे पाणी खोऱ्यात फिरले. पाण्यामागून ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला. 1950 च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप झाले. पुढे जिल्हाभर कारखाने निघाले. कोरडवाहू कुणब्याच्या घरात चार पैसे आले, पोरे शिकली. मी स्वतः त्याच उसाच्या पैशावर मॅट्रिक झालो, तेव्हा उसाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

पण ऊस म्हणजे काय, हे बिबट्याच्या नजरेने पाहा. पुरुषभर उंचीचे, वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे दाट रान. आत गारवा, बांधाला पाटाचे पाणी, पलीकडे वस्ती आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. आम्ही त्याचे जंगल तोडले की नाही, तो वाद निराळा. आम्ही त्याला खोऱ्यात नवे जंगल लावून दिले, हे मात्र निश्चित. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदुकीचे भय कमी केले. 1986 साली वर डोंगरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. सरकारी नकाशात बिबट्याचे घर तिथे. त्याने मात्र आपले घर खाली, आमच्या बांधाला मांडले होते.

हे किती खरे आहे ते पुढे मोजले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या बागायती खोऱ्यात वाटावाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. 179 चौरस किलोमीटरचा तो टापू. जंगल असे नाहीच, आणि वस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशे माणसांहून जास्त. त्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस! माणसावरचे हल्ले मात्र क्वचित. हे बिबटे खातात काय, तेही त्यांनी विष्ठेवरून शोधले. भक्ष्याच्या वजनात 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात कुत्री पहिली, आणि दुसरा मान मांजरांचा. मांजर ही वाघाची मावशी असे आपण मुलांना सांगतो. भाच्याने नात्याची एवढीही भीड ठेवलेली नाही.

हे सारे मला उशिरा कळले. त्याआधीच माझ्या हातून ती गोष्ट घडून गेली होती.

त्या साली आमच्या वस्तीवर एका विधवा बाईच्या दोन शेळ्या लागोपाठ गेल्या. मग एके संध्याकाळी शाळेतून सायकलवर येणाऱ्या पोरापुढून बिबट्या रस्ता ओलांडून गेला. पोराला काही झाले नाही. पण तापाने चार दिवस अंथरुणाला खिळले. ग्रामसभा भरली. मास्तरांचे अक्षर चांगले, म्हणून अर्ज मी लिहिला. "सदर हिंस्र श्वापदाचा कायमचा बंदोबस्त व्हावा" हे वाक्य माझे. माझ्या कुठल्याही कादंबरीतल्या वाक्याला इतकी दाद मिळालेली नाही.

पिंजरा आला. तिसऱ्या रात्री बिबट्या सापडला. उजाडताच ही गर्दी लोटली. मी धाकट्या मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. पिंजऱ्यातले जनावर भिंतीवर डोके आपटून घेत होते, कपाळ रक्ताळले होते. शेजारी एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "मास्तर, लेकुरवाळी हाय ही. आचळं बघा."

मी पाहिले. त्याचे म्हणणे खरे होते. मी दोघा-चौघांना सांगितलेही, पण त्या गलक्यात कोण ऐकतो? शिवाय अर्ज लिहिणाऱ्यानेच आता उलटे बोलावे तरी कसे, या भिडेने मीही फार नेट लावला नाही. गाडी निघून गेली. पुढे दोन रात्री उसातून मांजरीच्या पिल्लासारखा आवाज येत राहिला. तिसऱ्या रात्री आला नाही.

दोन महिन्यांनी दुसरा बिबट्या आला. हा मोठा, दांडगा नर. पहिलीला वस्तीच्या वेळा ठाऊक होत्या. दिवे मालवल्याशिवाय ती बांध सोडत नसे. याला काहीच ठाऊक नव्हते. भर संध्याकाळी त्याने ओसरीलगतचे वासरू मारले.

रिकामा मुलूख रिकामा राहत नाही, हे आमच्या शेजारच्या जुन्नर भागाने आमच्याआधी जाणले होते. तिथे 2001 पासून शेतांतून कितीतरी बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. माणसावरचे हल्ले त्यापूर्वी वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. उपटून टाकलेले जनावर अनोळखी मुलखात बावरते, नाहीतर घराच्या ओढीने चालू लागते. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. हे आजोबा महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, वसईची खाडी पोहून महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालले आणि मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरात एका वाहनाच्या धडकेने ते गेले. 2014 साली त्यांच्यावर 'आजोबा' नावाचा चित्रपट निघाला, तो पुष्कळांनी पाहिला असेल.

मात्र बिबट्या म्हणजे साधुपुरुष, असे कोणी समजू नये. 2025 साली शिरूर तालुक्यात लहान मुलांचे बळी गेले. ज्या आईचे लेकरू गेले तिच्यापुढे टक्केवारी वाचण्याची छाती माझ्यात नाही. आणि दर दिवाळीनंतर आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या. दाराला कवाड नाही, आत पोरे झोपलेली. म्हणजे एकाच उसात दोन बिऱ्हाडे, आणि दोन्हींत लेकुरवाळ्या. कोयता पुढे सरकतो तसे बिबटीचे घर मागे सरते, आणि कधी कधी तोडणाऱ्या बाईच्या पायाशीच डोळे न उघडलेली पिल्ले निघतात. आता वनखात्याचे लोक ती पिल्ले टोपलीत घालून तिथेच ठेवतात. रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. आमच्या वेळी हे कोणाला सुचले असते तर, असे मनात येते.

सुचले नव्हते म्हणावे, तर तेही खरे नाही. वर अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळ्यांच्या वाड्यांतून हे शहाणपण फार जुने आहे. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी तिकडे वाघबारस असते. शिवेवरच्या वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे गुराखी नैवेद्य ठेवतात. एका वर्षी मी मुद्दाम गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, "काय मागितलंत देवाजवळ?"

ते म्हणाले, "काय मागायचं? तू तुझ्या वाटंनं जा, आमची गुरं आमच्या वाटंनं जाऊं दे."

कायमचा बंदोबस्त त्यांनी मागितला नव्हता.

त्या मुलीला मी तिच्या छावणीचा नकाशा काढून आणायला सांगितले. तिने आणला. पाट, ऊस, विहीर, वस्ती सगळे होते. लाल रेघेने तिची शीव, निळ्या रेघेने आमची. शाळेची वाट उसाला चिकटून जात होती, तिथे दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या होत्या. आता पोरे ती वाट एकेकटी चालत नाहीत. घोळका करून, मोठमोठ्याने पाढे म्हणत जातात. शेळ्यांच्या गोठ्याला त्या विधवा बाईने जाळी लावून घेतली आहे, आणि विहिरीला कठडा बांधण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहे.

तोही मीच लिहिला आहे. या खेपेला धनगरबाबांना आधी वाचून दाखवला.