सांगलीच्या पोराने ज्यांना धुतलं, त्यांनीच त्याला नेलं

मंडळी, रणजी सुरू झाली की आमच्या आष्ट्यात चहाच्या गाड्यावर एक वाद ठरलेला. महाराष्ट्राने रणजी कधी जिंकलीय का? जिंकलीय, लागोपाठ दोनदा. आणि पहिल्या खेपेला मोठा वाटा सांगलीचा होता.

१९३४-३५ ला स्पर्धा सुरू झाली. पहिल्या पाच वर्षांत मुंबईने दोनदा जिंकली, मग नवानगर, हैदराबाद, बंगाल. आपली पाटी कोरी. आपले कॅप्टन प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. १९२६ ला त्यांनी एमसीसीला १४८ ठोकले होते, पण भारताला कसोटी मिळाली तेव्हा मास्तर चाळिशीत. कसोटीची टोपी राहिली ती राहिलीच.

१९३९-४० ला मात्र गाडी सुटली. पुण्यात समोर बडोदा. आपले आठ गडी गेले, पण विजय हजारे उभे. सांगलीतल्या एका शाळामास्तरांचा, आठ भावंडांतला हा मुलगा, वय २४. नागरवालांना साथीला घेऊन नवव्या विकेटला २४५ जोडले. स्वतः नाबाद ३१६! रणजीतलं पहिलं त्रिशतक. (तेव्हा आष्टा सातारा जिल्ह्यात आणि सांगली पटवर्धनांचं संस्थान, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ‘आपला’ म्हणावं का, यावर भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या.) फायनलला संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवलं. पुढच्या वर्षी पन्नाशीला टेकलेल्या देवधरांनी मुंबईला २४६ हाणले आणि मद्रासला जाऊन परत करंडक आणला.

मग काय झालं? हजारे बडोद्याला गेले. ज्यांना धुतलं त्यांच्याच दरबारी नोकरी. त्यांना दोष कसा द्यायचा? क्रिकेटवर तेव्हा घर चालत नव्हतं, खेळाडूला पोसायचे ते संस्थानिक. १९४६-४७ च्या फायनलला त्यांनी आणि गुल महंमदने ५७७ ची भागीदारी केली. करंडक बडोद्याला.

आपण त्यानंतर १९७१, १९९३ आणि २०१४ ला फायनल गाठली, तिन्ही हरलो. आणि आजही इकडं एखादं पोरगं बरं खेळायला लागलं की घरातून पहिला प्रश्न तोच येतो: नोकरीचं काय?