पुरुषांचे लांब केस : सुन्नत, मन्नत की हौस?

मोहल्ल्यात पोराने केस वाढवले की लोक लगेच त्याला टपोरी ठरवतात. पण प्रत्येकाचे कारण वेगळे असते.

सुन्नत : सहीह बुखारीतील हदीसांनुसार पैगंबर मुहम्मद (स.) यांचे केस कधी कानाच्या पाळीपर्यंत, तर कधी खांद्यापर्यंत असत. त्याच मोहब्बतीने काहीजण जुल्फे ठेवतात.

मन्नत : मूल आजारातून उठावे म्हणून घरचे दर्ग्याला बोलतात आणि मन्नत फिटेपर्यंत त्याचे केस राखतात. अनेक उलेमांना ही प्रथा मान्य नाही. थोडे केस ठेवून बाकी डोके भादरणे म्हणजे ‘कज़अ’. त्याला हदीसमध्ये मनाई आहे.

फकिरी : मदारी सिलसिल्यातले मलंग केस कापत नाहीत. आपल्या नागपुरात बाबा ताजुद्दीन (१८६१-१९२५) यांच्या उर्साला ताजबागेत असे जटाधारी फकीर दिसतात.

हौस : काहींना लांब केस नुसते शोभतात म्हणून आवडतात. त्यालाही हरकत नाही, फक्त बायकांची नक्कल नसावी.

केस ठेवले तर ते नीट राखावेत, अशी ताकीद अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. गुस्लच्या वेळी पाणी केसांच्या मुळापर्यंत पोहोचलेच पाहिजे.

शाळेचा नियम असेल तर तो पाळावा लागतो, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगणारच. पण चारचौघांत पोराची इज्जत काढून तो शिकवता येत नाही. आधी बाजूला घेऊन एवढेच विचारावे, “बेटा, केस का वाढवलेस?”