नाणेघाटच्या लेखात न लिहिलेला डाव

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या तोंडाशी पोहोचले, की कातळात खोदलेले एक लेणे लागते. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानला जातो. कोणते यज्ञ झाले आणि त्यांत किती दक्षिणा दिली, याची ती लांबलचक यादी आहे. त्यात अग्न्याधेय यज्ञाची दक्षिणा आहे १२ गाई आणि १ घोडा. संख्या शब्दांत सांगून पुन्हा अंकांतही कोरली आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे, ते यामुळेच.

अग्न्याधेय म्हणजे श्रौत अग्नींची विधिपूर्वक स्थापना. या पवित्र विधीचा एक भाग चक्क जुगाराचा होता! आपस्तंब श्रौतसूत्रानुसार सभेत द्यूतभूमी तयार करायची, तिच्यावर फासे पसरायचे, गाय पणाला लावायची आणि यजमानाच्या हाती शंभर फासे द्यायचे. नाणेघाटच्या लेखात फाशांचा उल्लेख नाही. मात्र विधी सूत्राप्रमाणे पार पडला असेल, तर सातवाहनांच्या सभेत हा डाव मांडला गेला असलाच पाहिजे.

हे फासे आजच्यासारखे सहा बाजूंचे नव्हते. ती होती बेहड्याची टणक फळे. आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकरच्या अरण्यात हिरड्याचा हा भाऊबंद आजही उभा आहे. वैदिक काळात त्याचे नाव विभीदक, पुढे विभीतक.

बहुतेक अभ्यासकांच्या मते खेळाचा गाभा असा होता: ढिगातून मूठभर फासे उचलायचे आणि त्यांना चारने भागायचे. बाकी काहीच उरली नाही तर ‘कृत’, म्हणजे सर्वोत्तम डाव. तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर आणि एक उरल्यास ‘कली’, म्हणजे हार. युगांना आपण जी नावे देतो, ती मुळात या फाशांच्या डावांची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकार सूक्तात (१०.३४) सर्वस्व गमावलेला जुगारी आपल्या नाशाचे खापर ‘एकाने जास्त’ पडलेल्या फाशावर फोडतो, तो याच अर्थाने. त्या जास्तीच्या एका फळापायी त्याची पत्नीही दुरावते.

आता प्रश्न डावपेचांचा. पोकरमध्ये नऊ-दहाऐवजी सहा किंवा त्याहून कमी भिडू असले, की त्याला ‘शॉर्ट-हँडेड’ डाव म्हणतात. भिडू कमी म्हणजे सक्तीच्या पैजा लवकर फिरून येतात आणि उत्तम पानांची वाट पाहत बसणे परवडत नाही. दुसऱ्याच्या हाती फार मोठी पाने असण्याची शक्यताही घटते, त्यामुळे मध्यम पानांचे मोल वाढते. भिडू जितके कमी, तितके समोरच्याला ओळखणे महत्त्वाचे. महाभारतातले गाजलेले डाव तर अवघ्या दोघांत रंगतात: युधिष्ठिर आणि शकुनी, नळ आणि पुष्कर. येथे लपायला गर्दीच नाही.

वनपर्वातील नळाची कथा डावपेचांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. राज्य हरलेला नळ राजा ऋतुपर्णाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे नुसती नजर टाकतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे असल्याचे सांगतो. नळ रथ थांबवून, झाड तोडून मोजतो. संख्या तंतोतंत जुळते. (२०९५ ला चारने भागल्यास बाकी तीन उरते, म्हणजे त्रेता. कथाकाराच्या हे मनात होते की नाही, देव जाणे.) ढिगाकडे पाहताक्षणी संख्या ताडणे, हेच ते ‘अक्षहृदय’. मूठ भरण्याआधीच ज्याला अंदाज येतो, त्याच्यासाठी हा खेळ निव्वळ दैवाचा उरत नाही. ही विद्या नळ अश्वविद्येच्या बदल्यात शिकतो.

मग तो पुष्करापुढे पुन्हा बसतो, पण पूर्वीची चूक टाळतो. आधी तो महिनोन्‌महिने खेळत राहून हरला होता. या वेळी सारे काही एकाच डावावर लावतो आणि जिंकतो. विद्या हाताशी असताना खेळ लांबवून प्रतिस्पर्ध्याला सावरायची संधी तो देत नाही.

यज्ञातल्या डावाला मात्र असल्या कौशल्याची गरज नव्हती. यजमानाच्या हातचे शंभर म्हणजे चार गुणिले पंचवीस. बाकी शून्य, कृत ठरलेलेच. राजसत्तेला हरण्याचा धोका पत्करायचा नव्हता. नाणेघाटच्या १२ गाईंनाही चारने निःशेष भाग जातो. त्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण गंमत वाटते खरी.

नळाला अक्षहृदय मिळताच त्याच्या देहात दडलेला कली बाहेर पडला आणि जाऊन शिरला, तो त्याच बेहड्यात.