महिमापूरची हवेली व तिचे रहिवासी

जैन समाजाच्या व्यापारी परंपरेचा विषय निघाला की जगत्‌शेठ हे नाव आदराने घेतले जाते. या घराण्याची हवेली बंगालच्या नवाबांची राजधानी मुर्शिदाबाद येथे, भागीरथीकाठी महिमापूर या भागात होती. तेथे कोण राहिले, याचा मागोवा घेतल्यास अठराव्या शतकातील राजदरबाराचे अंतरंग उलगडते.

घराण्याचे मूळ मारवाडातील नागोरचे. ओसवाल श्वेतांबर जैन असलेले हिरानंद साहू १६५२ मध्ये पाटण्यास आले. त्यांचे पुत्र माणिकचंद यांनी ढाक्यात पेढी थाटली. दिवाण मुर्शिदकुली खानाने आपले ठाणे ढाक्याहून हलविले, तेव्हा माणिकचंदही त्याच्यासमवेत आले व महिमापूरला स्थायिक झाले. हेच हवेलीचे पहिले धनी होत.

त्यांच्यामागून भाचे व दत्तकपुत्र फतेहचंद आले. त्यांना बादशहा महंमदशहाने ‘जगत्‌शेठ’ हा किताब दिला. बंगालचा सारा दिल्लीस पोचविणाऱ्या हुंड्या याच पेढीवरून निघत. टांकसाळीवरही घराण्याचा प्रभाव होता.

या हवेलीशी महाराष्ट्राचाही एक संबंध आहे. मात्र तो अभिमानाने सांगावा असा नाही. १७४२ च्या मे महिन्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्या वेळी मीर हबीब मराठी घोडदळासह मुर्शिदाबादेत शिरला व त्याने ही हवेली लुटली. तत्कालीन इतिहासग्रंथात लुटीचा आकडा दोन कोटी रुपये दिला आहे. एवढे होऊनही पेढीचा व्यवहार थांबला नाही, यावरून तिच्या पतीची कल्पना येते.

१७४४ मध्ये फतेहचंद निवर्तले आणि त्यांचे नातू महताबराय व स्वरूपचंद हवेलीचे धनी झाले. महताबराय जगत्‌शेठ झाले, तर स्वरूपचंदांना ‘महाराजा’ हा किताब मिळाला. नवाब सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात या बंधूंचा हात होता. २३ जून १७५७ रोजी प्लासीची लढाई झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लाइव्ह, मीर जाफर व इतर भागीदार देण्याघेण्याचा हिशेब करण्यास शेठांच्याच घरी जमले. कटातील मध्यस्थ अमीचंदाला दाखविलेला करार बनावट होता, हे त्याला तेथेच सांगण्यात आले. घराण्याचा गौरव करताना ही घटना झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने दोघा बंधूंना मुंगेरला नेले व पुढे ठार केले. महताबरायांचे पुत्र खुशालचंद यांनी पेढी सावरण्याचा प्रयत्न केला. सम्मेतशिखर तीर्थाच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. परंतु १७६५ मध्ये दिवाणी कंपनीकडे गेली, १७७२ मध्ये खजिनाही कलकत्त्यास हलला आणि पेढीचा आधारच तुटला. पुढे हरकचंदांनी वैष्णव मत स्वीकारले. नंतरच्या वंशजांना कंपनीच्या निर्वाहवेतनावर राहण्याची वेळ आली.

जुन्या हवेलीचा मोठा भाग भागीरथीने गिळला. ज्यांनी नवाब बसविले व उठविले, त्यांना आपले घर राखता आले नाही. व्यापारातील सचोटीने उभे राहिलेले वैभव सत्तेच्या खेळात पणाला लागले, हे या घराच्या कथेचे सार आहे. भगवान महावीरांनी सांगितलेल्या अपरिग्रहाचा अर्थ कळण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.