सवय नाकाला होते

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरमध्ये नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो: “रात्री हा वास कसला येतो हो?” उत्तरही ठरलेलं असतं: “कंपन्यांचा. होईल सवय.”

उत्तर खोटं नाही. महिनाभरात सवय होतेच. पण ती नेमकी कुणाला होते? नाकाला होते. नाकाच्या खाली, छातीत जे बसलंय त्याला होत नाही. हा फरक कळायला माणसाला काही शतकं लागली. तो इतिहास आपल्या पट्ट्याच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

नदी, देऊळ, कारखाने

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ वालधुनीच्या काठावर उभं आहे. हीच नदी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते.

1920 च्या दशकात स्वीडिश भांडवलावरची विम्को अंबरनाथला काडेपेट्या बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते अजूनही तेच सांगतात. 1950 च्या दशकात शहाडला रेयॉनचा कारखाना आला, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे अंबरनाथ-बदलापुरात रासायनिक कारखान्यांचे पट्टे तयार झाले. मुंबईत घर परवडेना तशी माणसं कल्याणच्या पुढे सरकत गेली आणि इमारती कारखान्यांच्या कुंपणापर्यंत पोचल्या.

रेयॉनचं उदाहरण घेऊ. लाकडाच्या लगद्यापासून हा धागा काढताना जगात कुठेही कार्बन डायसल्फाइड वापरावा लागतो आणि धागा आम्लात उतरताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वायूचा. गटारात आणि सांडपाण्यानं भरलेल्या नदीच्या गाळातही तो तयार होतो. म्हणजे या वायूला कारखानाच लागतो असं नाही. मेलेली नदी पुरते.

फुप्फुसांचा शोध

अंबरनाथचं देऊळ बांधलं जात होतं तेव्हा जगात श्वासाबद्दल काय समज होती? आपल्याकडे प्राण, अपान, व्यान, उदान, समान अशी पंचप्राणांची मांडणी होती. पश्चिमेकडे गॅलेन या वैद्याचा शब्द हजार वर्षं शेवटचा मानला जात होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असं तो सांगून गेला होता.

1242 मध्ये इब्न अल-नफीस या वैद्यानं लिहिलं की अशी छिद्रं नाहीतच. रक्त उजव्या बाजूनं फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या बाजूला येतं. त्याचं हे लिखाण इतकं विस्मरणात गेलं की 1924 मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं तेव्हा कुठे जगाला त्याचं महत्त्व कळलं.

1661 मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा नसून हवेच्या बारीक पिशव्यांचा पुंजका आहे आणि त्या पिशव्यांवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी आहे, हे त्याला दिसलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी फ्रान्सच्या लाव्हाझिएनं दाखवलं की श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे: ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

आज आपल्याला काय माहीत आहे? श्वासनलिका साधारण तेवीस वेळा दुभागत जाते आणि शेवटी कोट्यवधी वायुकोशांपाशी पोचते. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. बदलापुरात एवढ्यात टू बीएचके येतो! हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. केस तिच्या शंभरपट जाड भरेल. या भिंतीवरून दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा जाते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बाहेरच्या जगाला इतका मोठा आणि सतत उघडा दरवाजा आमच्या कुठल्याही सिस्टीमला कुणी मंजूर करणार नाही. शरीराला मात्र तो ठेवावाच लागतो. त्वचा जाड असते, पोटात आम्ल असतं. फुप्फुसाची भिंत जाड केली तर ऑक्सिजनच आत जाणार नाही.

पहारेकरी

म्हणून पहारा वाटेवर आहे. नाकातले केस आणि ओलसर वळणं मोठी धूळ अडवतात. श्वासनलिकेतला चिकट थर बारीक कण पकडतो आणि खालचे सूक्ष्म केस तो थर सतत वर ढकलत राहतात. उरलेलं काम खोकला करतो.

हा पहारा धुळीसाठी ठीक आहे. वायूंचा हिशेब वेगळा आहे. अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइडसारखे वायू पाण्यात चटकन विरघळतात, म्हणून डोळ्यांत, नाकात, घशातच जाळतात. माणूस लगेच पळतो, त्यामुळे अनेकदा वाचतो. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू पाण्यात कमी विरघळतात. ते वरच्या पहाऱ्याला फारसं न जाणवता वायुकोशांपर्यंत जातात आणि काही तासांनी तिथे पाणी भरू लागतं. संध्याकाळी “काही नाही, बरं वाटतंय” म्हणणारा माणूस रात्री धापा टाकू शकतो.

हायड्रोजन सल्फाइड तर पहारेकऱ्यालाच गप्प करतो. अगदी थोड्या प्रमाणात असला तरी त्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला, म्हणजे सुमारे 100 पीपीएम, की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. वास थांबतो, वायू वाढत असतो. तो रक्तातून पेशींपर्यंत जातो आणि ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच अडवतो. श्वास चालू असूनही पेशी गुदमरतात. मॅनहोलमध्ये एक माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेले दोघेही वर येत नाहीत, यामागे अनेकदा हाच वायू असतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात साचून राहतो.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवणाऱ्यांत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटालियन डॉक्टर होता. घरातला मैलाखड्डा उपसणारा माणूस इतकी घाई का करतोय, असं त्यानं विचारलं. जास्त वेळ थांबलो तर डोळे जातील, असं तो कामगार म्हणाला. त्यातून 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक आलं. रोग्याला “तुम्ही काम काय करता?” हे विचारलंच पाहिजे, असं त्यानं डॉक्टरांना बजावलं.

दोनशे वर्षांनी ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेननं आणखी एक गोष्ट दाखवली. श्वास वाढवण्याचा इशारा मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे मिळतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी शरीरात अशी घंटाच नाही. म्हणून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, असं त्यानं सुचवलं. पक्षी आधी कोसळे, माणसं बाहेर पडत. खाणकामगार अनुभवी होते, धाडसी होते, तरी त्यांनी स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवला नाही.

आपल्या रात्री

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटला. हजारो माणसं वारा ज्या दिशेला वाहत होता त्याच दिशेला धावत सुटली. धावताना श्वास अनेक पटींनी वाढतो, म्हणजे विषही तितकंच जास्त आत जातं. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 मध्ये कारखाने कायदा बदलला आणि धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणं कारखान्यांवर बंधनकारक झालं.

आपल्याकडेही तारखा आहेत. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस एका पहाटे उल्हासनगरात वालधुनीमध्ये टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव सोडला गेला. काठावरच्या वस्त्यांमधल्या शेकडो लोकांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. 3 जून 2021 च्या रात्री बदलापूरच्या एका कारखान्यातून वायुगळती झाली. लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास घेणं जड झालं. सप्टेंबर 2024 मध्ये अंबरनाथवर रात्री रासायनिक धुराचा थर पसरला, रेल्वेचे रूळही धुरकटले.

या तिन्ही घटना रात्रीच्या किंवा पहाटेच्या आहेत. रात्री जमीन थंड होते, वारा पडतो आणि वायू वर न जाता खालीच रेंगाळतो. झोपेत वासानं जाग येईलच याचीही खात्री नसते.

अशा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतात. “वास येतोय का?” “हो, डोळे जळतायत.” अर्ध्या तासानं कुणीतरी लिहितं, “आता नाही येत.” आणि विषय संपतो. आता आपल्याला ठाऊक आहे की या शेवटच्या मेसेजचे तीन अर्थ होऊ शकतात: वायू गेला, नाक सरावलं, किंवा नाक बंद पडलं. यातला कुठला खरा, ते नाकाला सांगता येत नाही. ते फक्त मोजमाप सांगतं.

म्हणून तक्रार करताना वेळ, ठिकाण, वाऱ्याची दिशा आणि कुणाला काय त्रास झाला हे लिहायला हवं. उत्तरात “परिस्थिती नियंत्रणात आहे” एवढ्यावर न थांबता दोन गोष्टी विचारायला हव्यात: वायू कुठला होता आणि किती पीपीएम होता? वायू समोरून येत असेल तर वाऱ्याला आडवं, बाजूला जायचं. नाल्यात किंवा खड्ड्यात कुणी पडलं असेल तर स्वतः न उतरता अग्निशमन दलाला बोलवायचं. नंतर खोकला किंवा धाप सुरू झाली तर डॉक्टरांना गळतीबद्दल सांगायचं. रामाझ्झिनीच्या प्रश्नाला आपल्या पट्ट्यात एक जोड हवी: “काम काय करता?” याच्यासोबत “राहता कुठे?”

आणि पुढच्या वेळी नवा शेजारी त्या वासाबद्दल विचारेल तेव्हा त्याला “होईल सवय” म्हणू नका. कुठून येतो, कधी येतो, तक्रार कुठे करायची ते सांगा. त्याचं नाक अजून ताजं आहे, अख्ख्या मजल्यावर सध्या तेवढंच एक नीट चालतंय.