आधी नकाशा, मग प्रार्थना

मार्चचा पहिला शुक्रवार जवळ आला की आमच्या घरी खडूची पेटी निघायची. आई शाळेत शिक्षिका होती आणि नगरच्या आमच्या मंडळीतल्या महिला मंडळाची चिटणीस. जागतिक प्रार्थना दिनाच्या उपासनेला बायका जमल्या की ती आधी फळ्यावर एका देशाचा नकाशा काढायची. नद्या निळ्या, राजधानीला लाल टिंब, आणि कोपऱ्यात बारीकसा भारत, अंतराचा अंदाज यावा म्हणून. ज्यांच्यासाठी हात जोडायचे त्यांचं घर कुठे आहे हे ठाऊक नको का, असं तिचं म्हणणं. नकाशा पुरा झाल्याशिवाय पहिलं गीत सुरू होत नसे.

या दिवसाची रीत अशी की दर वर्षी एका देशाच्या ख्रिस्ती बायका उपासनाक्रम लिहितात, आणि शंभराहून अधिक देशांतल्या बायका त्या एकाच दिवशी तोच क्रम आपापल्या भाषेत चालवतात. पॅसिफिक बेटांवर दिवस उगवला की सुरुवात होते आणि सूर्याबरोबर ती पश्चिमेकडे सरकत जाते. आमची वेळ दुपारी चारची, कारण शुक्रवार कामाचा वार. नर्सबाया, शिक्षिका, धुणीभांडी करणाऱ्या, सगळ्यांना जमेल अशी तीच. आई गेल्यावर मराठी भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. ते करता करता या दिवसाचा इतिहास मी शोधत गेले, आणि त्यात आम्ही नगरच्या बायका कुठे बसतो ते मला फार उशिरा उमगलं.

१८८७ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये मेरी जेम्स या प्रेस्बिटेरियन बाईंनी आपल्या देशातल्या मिशनकार्यासाठी प्रार्थनेचा एक दिवस पाळा, असं बायकांना आवाहन केलं. तीनेक वर्षांनी हेलन बॅरेट माँटगोमेरी आणि ल्यूसी पीबॉडी या दोन बॅप्टिस्ट बायकांनी परदेशी मिशनांसाठी तसाच दिवस सुरू केला. ल्यूसीबाई त्याआधी मद्रासला राहून गेलेल्या. नवरा तिथेच वारला आणि लेकरं घेऊन त्या अमेरिकेला परतल्या. इकडच्या मातीत नवरा पुरलेली बाई इकडच्या बायकांसाठी प्रार्थना मागते, तेव्हा तिच्या मनात काय असेल याचा विचार मी पुष्कळदा करते.

माँटगोमेरीबाई तर विदुषी. नव्या कराराचं त्यांनी मूळ ग्रीकवरून इंग्रजीत भाषांतर केलं, ते १९२४ साली छापून निघालं. त्याच १९२४ साली इकडे केडगावात पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल प्रसिद्ध झालं, हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने केलेलं. ते पाहायला रमाबाई राहिल्या नव्हत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. जगाच्या दोन टोकांना दोन बायका एकाच वेळी ग्रीक व्याकरणाची पुस्तकं उघडून बसलेल्या, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला माझ्या टेबलावर बसायला बळ येतं.

पण त्या पहिल्या काळातल्या प्रार्थनेत बोलणारी एक आणि जिच्याबद्दल बोलायचं ती दुसरी. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. सिंथिया फॅरारबाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. या मिशनला पैसे पाठवणाऱ्या बॉस्टनच्या महिला मंडळाचं ‘लाइफ अँड लाइट फॉर वुमन’ नावाचं मासिक निघायचं आणि त्यात नगरची पत्रं छापून यायची. त्यांतली काही जुनी पानं मी वाचली आहेत. शाळेत मुली किती, घरोघर बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई कुठल्या गावी गेली, दुष्काळात किती पोरं आश्रयाला आली. त्या पोरांतली एक माझ्या आईची आजी असू शकेल. तिकडच्या दिवाणखान्यात तिच्यासाठी डोळे मिटणाऱ्या बाया होत्या. त्यांचं प्रेम खरं होतं, त्यांनी पाठवलेल्या पैशांवर आमच्या घरातली पहिली मुलगी लिहायला शिकली, आणि हे ऋण मी कधी नाकारणार नाही. तरी त्या प्रार्थनेतला एक शब्दही तिचा नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर हे दोन दिवस एकत्र आले. १९२७ मध्ये तो जगाचा दिवस झाला, आणि १९३० साली अमेरिकेबाहेरच्या बाईने लिहिलेला क्रम पहिल्यांदा जगभर वाचला गेला. लिहिणारी हेलन किम, कोरियाची. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं प्रार्थना व्हायची, त्यांच्यातली एक आता सांगणार होती आणि बाकीचं जग तिच्यामागून म्हणणार होतं. या दिवसाच्या इतिहासात मला याहून मोठं वळण दिसत नाही.

माझ्या आठवणी सुरू होतात १९६९ पासून. तोवर हा दिवस लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या शुक्रवारी असायचा. त्या वर्षी तो मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आला, आणि व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर कॅथलिक बायकाही यात आल्या. आमच्याकडे त्या एकदम आल्या नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ‘क्रूसाची वाट’ ही उपासना असायची, आणि शिवाय एकमेकींच्या देवळात पाऊल टाकायची सवय कुणालाच नव्हती. दोघी-तिघी आल्या त्या मागच्या बाकावर, दाराजवळ बसल्या. आईने नकाशा अर्धा टाकला, खाली येऊन त्यांना पुढे नेऊन बसवलं, आणि मग उरलेली नदी काढली. पुढे १९८२ मध्ये क्रम उत्तर आयर्लंडचा आला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या तुरुंगात दहा कैदी उपोषण करून मेले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तिथे एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या बायका एकाच बाकावर बसून एकच कागद वाचत होत्या.

१९८५ चा क्रम आपल्या देशातल्या बायकांनी लिहिला. विषय होता प्रार्थना आणि कृती यांतून येणारी शांती. तो जगभर वाचला गेला १ मार्चला. चार महिन्यांपूर्वी दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती आणि तीन महिन्यांपूर्वी भोपाळमध्ये झोपलेली माणसं विषारी वायूने गेली होती. त्या संध्याकाळी आई घरी येऊन बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आज सगळं जग आपला नकाशा काढत असेल.” तिच्या आवाजात मान होता आणि लाजही होती.

क्रम दोन-तीन वर्षं आधी लिहायला घेतात; भाषांतर, छपाई, वाटप यांना तेवढा वेळ लागतोच. तोवर तो देश कुठल्या कुठे गेलेला असतो. १९९० चा क्रम चेकोस्लोव्हाकियाच्या बायकांनी कम्युनिस्ट राजवटीत लिहिला आणि वाचला गेला तेव्हा ती राजवट उरली नव्हती. असं सुख क्वचित. २०१४ चा इजिप्तचा क्रम वाळवंटातल्या झऱ्यांवर होता. आदल्या ऑगस्टमध्ये मिन्या आणि आसपासच्या भागात कितीतरी चर्चं जाळली गेली होती. आम्ही वेदीपुढे रिकामी कळशी ठेवली होती. आदल्याच उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना त्या कळशीचा अर्थ सांगावा लागला नाही.

आणि १९९४. त्या वर्षी क्रम पॅलेस्टाइनच्या बायकांचा होता, ऑस्लो कराराच्या आशेचे दिवस होते. उपासना ४ मार्चला. २५ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर एक आठवडा आधी, हेब्रोनमधल्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर एका ज्यू वसाहतवाल्याने गोळ्या झाडल्या. एकोणतीस माणसं गेली. आमचे कागद तेव्हा सायक्लोस्टाइल होऊन गठ्ठा बांधून तयार होते. स्टेन्सिल पुन्हा कापायला वेळ नव्हता. आई गुरुवारी रात्री जेवणानंतर बसली आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेखाली, समासात, एकेका कागदावर पेन्सिलीने एक ओळ लिहीत गेली. ऐंशी कागद. मी म्हटलं, एकाच कागदावर लिही, पुढारी बाई वाचेल. ती म्हणाली, वाचेल ती एकटी, बाकीच्या नुसत्या ऐकतील.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, आपण तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करतो ना, मग मशिदीचं कसं? आईने उत्तर दिलं ते एवढंच, की हा क्रम लिहिणाऱ्या बायकांचे शेजारी होते ते. त्यातला एक कागद माझ्याकडे आहे. शाई फिकी पडली, पेन्सिल अजून तशीच वाचता येते.

तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पॅलेस्टाइन. या वेळी भाषांतर माझं. क्रमात जैतुनाच्या झाडाखाली तीन बायका गोष्टी सांगतात. त्यांतली एक आपल्या आत्याची, जेनिनमध्ये मे २०२२ मध्ये गोळी लागून मेलेल्या पत्रकार शिरीन अबू अक्लेहची. बोधवाक्य इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातलं, प्रेमाने एकमेकांना… इथे मी चार दिवस अडले. पहिल्या खर्ड्यात मी ‘सहन करा’ लिहिलं होतं. ते शब्दाला धरून होतं. पण आपल्याकडे ‘सहन कर’ हे सासरी निघालेल्या मुलीला सांगतात. जिचं घर पाडलं तिच्या तोंडी मी ते कसं घालू? शेवटी ‘सांभाळून घ्या’ केलं. सांभाळून घेणारा दोन्ही पायांवर उभा असतो.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये बाराशेच्या आसपास माणसं मारली आणि त्यानंतर गाझात जे सुरू झालं ते आपण रोज पाहिलं. जर्मनीतल्या समितीने त्यानंतर या क्रमाचा मजकूर बदलला. त्यांच्या देशाचा इतिहास पाहता त्यांची घालमेल मला समजते. तरी मला ते पटलं नाही. लिहिणाऱ्या बाईचे शब्द दुसऱ्याने सावरायला घेतले की आपण पुन्हा त्या जुन्या दिवाणखान्यात जाऊन बसतो. भर घालायची असेल तर समास आहे.

उपासना १ मार्चला होती. २९ फेब्रुवारीला गाझा शहरात मदतीच्या ट्रकांभोवती पिठासाठी जमलेल्यांतली शंभरावर माणसं मेल्याची बातमी आली. कागद छापून तयार होते. मी पेन्सिलीला टोक केलं. दोन ओळी लिहिल्या, एक पिठासाठी गेलेल्यांची आणि एक अजून न सुटलेल्या इस्राएली ओलिसांची, साठ कागदांवर. बोटं दुखायला लागली तेव्हा आईची ऐंशीची संख्या आठवली.

२०२६ साठी देश नायजेरिया. चिबोकच्या शाळेतून २०१४ मध्ये २७६ मुली पळवून नेल्या तो. मत्तयातलं वचन घेतलंय, ओझ्याने वाकलेल्यांना विसावा देणारं. तयारीच्या बैठकीत मी म्हटलं, टेबलावर नकाशाशेजारी एक चुंबळ ठेवू या, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायका तिथेही आहेत. कॉलेजच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. चुंबळ म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या मावशी उठल्या, फळा पुसायचं जुनेराचं फडकं त्यांनी हातावर पीळ देत गोल गुंडाळलं, टोक आत खोचलं, आणि सगळ्यांत धाकट्या मुलीच्या डोक्यावर ठेवून पाहिलं.